दुसऱ्याच्या स्वाक्षरीखाली

आपल्या समाजात सत्कार समारंभांची वाण नाही. दानशूरांचे सत्कार होतात, गुणवंत विद्यार्थ्यांचे होतात, नव्याने निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींचे तर निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून सुरू होतात. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि दोन-चार भाषणे एवढ्यात कार्यक्रम आटोपतो. ज्या माणसाने आयुष्यभर अशा कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिका तपासल्या, व्यासपीठावरच्या खुर्च्यांचा क्रम लावला आणि स्वतः मात्र मांडवाच्या खांबाशी उभा राहिला, त्याचा सत्कार कसा करावा, हा प्रश्न गेल्या महिन्यात आम्हा काही मित्रांपुढे पडला. आमदारांचे स्वीय सहायक म्हणून जवळजवळ तीन दशके काम केलेले आमचे एक स्नेही आता त्या कामातून निवृत्त झाले आहेत. समारंभाला त्यांनी नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. लिहायला मात्र त्यांनी परवानगी दिली, तीही एका अटीवर. लेखात त्यांचे नाव, गाव आणि त्यांनी ज्यांच्याकडे काम केले त्यांची नावे येऊ नयेत. अट मला योग्य वाटली. तीस वर्षांत हजारो पत्रे त्यांनी लिहिली, परंतु त्यांपैकी एकाही पत्राखाली त्यांचे नाव नाही. तेव्हा त्यांच्यावरच्या लेखातही ते नसले तर काही बिघडत नाही.

प्रारंभी या पदाविषयी थोडे सांगितले पाहिजे. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि विधान परिषदेत ७८. या प्रत्येक सदस्याच्या मागे किमान एक तरी माणूस असतो. तो सदस्याचे टपाल पाहतो, दूरध्वनी घेतो, दौरा ठरवतो आणि भेटायला आलेल्या माणसाचे म्हणणे प्रथम ऐकतो. त्याला स्वीय सहायक म्हणतात. लोक त्याला 'पीए' म्हणतात आणि त्या दोन अक्षरांत आदरापेक्षा संशयच अधिक असतो. त्याचे वेतन विधिमंडळाकडून येत असले तरी त्याच्या नोकरीचे आयुष्य आमदाराच्या मुदतीएवढेच. आमदार निवडून आले तर पुढची पाच वर्षे. ते पडले, तर निकालाच्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात दोन माणसांचा पराभव होतो आणि वर्तमानपत्रात एकाचाच छापून येतो.

व्यापारी कुटुंबांतील वाचकांना या पदाचा अर्थ समजायला फारसे कष्ट पडू नयेत. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पेढीवर मुनीमजी असत. अमरावतीच्या सक्करसाथमध्ये काय किंवा अकोल्याच्या कापूस बाजारात काय, पेढीचे नाव शेठजींचे आणि पत शेठजींची. परंतु रोजमेळ लिहिणारा, खतावणी मांडणारा, कोणाची उधारी किती दिवस थांबू शकते आणि कोणाची थांबू देऊ नये हे जाणणारा माणूस वेगळाच असे. मुनीमजी प्रामाणिक असले तर पेढी तीन पिढ्या चाले. ते तसे नसले, तर शेठजींना कळेपर्यंत अर्धी पेढी दुसऱ्याच्या घरी गेलेली असे. लोकप्रतिनिधीचे कार्यालय हीसुद्धा एक पेढीच आहे. तेथे लोकांचा विश्वास जमा होतो आणि काम होऊन तो परत द्यावा लागतो.

आमच्या स्नेह्यांनी १९९५ च्या निवडणुकीनंतर हे काम सुरू केले. पुढे त्यांनी तीन लोकप्रतिनिधींकडे काम केले आणि त्या तिघांचे पक्ष एक नव्हते. राजकारणाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यातले आश्चर्य समजेल. आधीच्या माणसाचा सहायक नव्या माणसाला सहसा नको असतो, कारण त्याच्यापाशी आधीच्याची गुपिते असतात. यांना ठेवून घेतले गेले ते नेमके याच कारणासाठी. आधीच्यांची गुपिते ते सांगत नाहीत, हे पडताळून पाहिल्यावरच नव्यांनी त्यांना बोलावले. एका आमदारांनी पहिल्याच भेटीत त्यांना जुन्या कारभाराविषयी काही विचारले. त्यांनी उत्तर दिले, "साहेब, ते मी आज आपल्याला सांगितलं, तर आपलं उद्या दुसऱ्याला सांगेन." त्याच आठवड्यात त्यांची नेमणूक झाली.

माझा त्यांच्याशी परिचय झाला तो बँकेच्या काउंटरवर. मी तेव्हा एका शाखेचा प्रमुख होतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे आमच्या शाखेतून वाटले जात. त्या वेळी ही रक्कम दरमहा ६०० रुपये होती. ज्यांना दुकानाच्या गल्ल्यात दिवसाला हजारो रुपये मोजायची सवय आहे त्यांना ६०० रुपये म्हणजे किती, हे कदाचित जाणवणार नाही. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असले पाहिजे अशी योजनेची अटच आहे, त्या घरात ही रक्कम म्हणजे महिन्याचे धान्य आणि औषध.

खेड्यातल्या एका वृद्ध विधवेचे हे अनुदान पाच महिन्यांपासून बंद होते. तहसीलमध्ये गेली की तिला सांगत, पैसे बँकेत पाठवले आहेत. बँकेत आली की सांगितले जाई, वरून यादीच आली नाही. अखेर ती आमदारांच्या घरी गेली आणि तेथे बसलेल्या या गृहस्थांना म्हणाली, "बापू, माहे पैसे कोठं गेले तेवढं पाहून दे." अशा वेळी सर्वसाधारण रीत अशी, की सहायक फोन उचलतो, 'साहेबांनी सांगितले आहे' म्हणून दम भरतो आणि म्हातारीला 'होऊन जाईल' असे सांगून वाटेला लावतो. हे गृहस्थ तिला घेऊन आमच्या शाखेत आले. रांगेत उभे राहिले. त्यांचा क्रम आल्यावर त्यांनी त्या बाईंच्या अंगठ्याचा एक अर्ज पुढे केला आणि मला म्हणाले, "साहेब, यांच्या खात्यावर गेल्या पाच महिन्यांत अनुदान जमा झालेलं नाही, एवढं एका ओळीत लिहून शिक्का मारून द्याल का?"

खातेदाराचा स्वतःचा अर्ज होता, मागितलेली माहिती तिच्याच खात्याची होती. मी लिहून दिले. त्या एका ओळीने काम झाले. बँकेकडे पैसे पोहोचलेच नाहीत हे कागदावर आल्यामुळे 'बँकेत जा' हे उत्तर आता कोणाला देता येईना. शोध घेतल्यावर कळले, की त्याच गावात त्याच नावाची दुसरी एक स्त्री वारली होती आणि यादीतून चुकून या बाईंचे नाव कमी झाले होते. सरकारी कागदावर ही बाई पाच महिने मृत होती. पुढच्या वाटपात तिला मागच्या थकबाकीसह ३००० रुपये आणि चालू महिन्याचे अनुदान मिळाले. ती पैसे मोजत होती तेव्हा हे गृहस्थ तेथे नव्हते. हा निरोपसुद्धा मीच त्यांना नंतर कळवला.

पुढे परिचय वाढला तेव्हा मी त्यांना या पद्धतीविषयी विचारले. ते म्हणाले, "भाऊसाहेब, गरीब माणसाला तोंडी होकारापेक्षा लेखी नकार जास्त उपयोगी पडतो. तोंडी होकार कुठंच दाखवता येत नाही. लेखी नकारावर अपील करता येतं." बँकेत ३५ वर्षे काढलेल्या मला हे वाक्य परिपत्रकांच्या गठ्ठ्यापेक्षा मोलाचे वाटले. प्रत्येक कार्यालयात त्यांची एकच विनंती असे. काम नियमात बसत असेल तर करावे, बसत नसेल तर कोणत्या नियमामुळे बसत नाही ते लिहून द्यावे. गंमत अशी, की नकाराचे कारण लिहायला बसलेल्या अधिकाऱ्याला पुष्कळदा ते कारणच सापडत नसे आणि काम होऊन जाई.

या लेखी नकारांचा दुसराही एक उपयोग होता आणि तो थेट विधान भवनापर्यंत पोहोचत असे. सभागृहात आमदार उभे राहून प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात, दुसऱ्या दिवशी आपण ते वर्तमानपत्रात वाचतो. तो प्रश्न कोठे तयार होतो, याचा आपण विचार करीत नाही. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची सूचना अधिवेशनापूर्वी पुष्कळ दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न मोघम असला तर उत्तरही मोघम येते. 'अमुक तालुक्यात पाण्याची टंचाई आहे हे खरे आहे काय?' या प्रश्नाला 'हे अंशतः खरे आहे' असे उत्तर देऊन मंत्री मोकळे होऊ शकतात. परंतु अमुक गावाने अमुक तारखेला अर्ज केला, अमुक तारखेला अमुक कार्यालयाने अमुक कारण देऊन तो नाकारला, हे कारण शासनाच्या कोणत्या निर्णयानुसार आहे, असा प्रश्न आला की खात्याला जुनी फाइल काढावीच लागते. आमच्या स्नेह्यांच्या कपाटात लेखी नकारांचा वेगळा गठ्ठा असे. अधिवेशन जवळ आले की तो गठ्ठा उघडत आणि त्यातून प्रश्न तयार होत.

आपल्या वऱ्हाडाला अशा प्रश्नांची गरज इतरांपेक्षा अधिक, हे मी सांगायला नको. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील भूगर्भातले पाणी खारट, ते पिण्याला चालत नाही आणि शेतीलाही मानवत नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांतील पिढ्यान् पिढ्यांचे हे दुखणे. सिंचनाच्या अनुशेषाचेही तेच. वि. म. दांडेकर समितीचा प्रादेशिक असमतोलावरील अहवाल १९८४ साली आला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, तरी अमरावती विभागाच्या सिंचनाचा अनुशेष दर अधिवेशनात चर्चेला येतच राहिला. असे विषय एका भाषणाने सुटत नाहीत. मागच्या अधिवेशनात मंत्र्यांनी काय आश्वासन दिले होते, त्याची मुदत केव्हा संपली, त्यानंतर कोणते पत्र आले, ही साखळी कोणीतरी जपावी लागते. आमदार बदलतात, मंत्री बदलतात, सचिवांच्या बदल्या होतात. या सर्वांत साखळी तुटू न देणारा माणूस बहुधा एखादा सहायकच असतो.

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरते. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत पहाटे निघून रात्री परतणारे आपल्याकडचे कितीतरी लोक वाचकांनी पाहिले असतील. आमचे स्नेही मात्र त्या दिवसांत परतत नसत. आमदार निवासातल्या खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून झोपत, कारण पलंगावर मतदारसंघातून आलेला कोणीतरी झोपलेला असे. मुंबईचेही असेच. टाटा रुग्णालयात उपचारासाठी वऱ्हाडातून गेलेल्या रुग्णांचे नातेवाईक मुंबईत पहिला पत्ता शोधतात तो आमदार निवासाचा. अंगठ्याएवढ्या चिठ्ठीवर खोलीचा क्रमांक लिहून गावातून माणसे निघतात. त्यांना परळची बस कोणती, केसपेपर कोठे काढायचा, मुख्यमंत्री साहाय्यता निधीच्या अर्जाला खर्चाचे कोणते अंदाजपत्रक जोडायचे, हे सारे हे गृहस्थ समजावून देत. विधिमंडळाच्या कामकाजाच्या कोणत्याही खंडात याची नोंद मिळणार नाही.

बँकेतला माणूस म्हणून मला त्यांच्या कामातला सर्वांत मोठा प्रसंग वाटतो तो २००८ सालचा. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. त्या सहांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे होते. त्यानंतर २००८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शेतकऱ्यांच्या कर्जमाफीची घोषणा झाली. योजनेत दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ होणार होते. त्याहून अधिक जमीन असलेल्याला सर्वसाधारणपणे उरलेली रक्कम एकरकमी भरल्यास २५ टक्के सवलत होती आणि आपल्यासारख्या निवडक जिल्ह्यांत ही सवलत २५ टक्के किंवा २० हजार रुपये यांपैकी जी अधिक असेल ती.

दिल्लीत बसून पाहिले तर ही मर्यादा योग्य वाटेल. वऱ्हाडात मात्र कोरडवाहू कपाशीच्या सात-आठ एकरांवरचा शेतकरी हा मोठा शेतकरी नव्हे. बागायती भागातल्या दोन एकरवाल्याचे उत्पन्न त्याच्याहून पुष्कळदा अधिक असते. जमिनीच्या मापाने तो श्रीमंत ठरला आणि योजनेच्या पूर्ण लाभाबाहेर राहिला. एकरकमी भरायला पैसे असते, तर तो थकबाकीदार कशाला झाला असता?

लाभार्थ्यांच्या याद्या शाखेच्या सूचना फलकावर लावण्यात आल्या. त्या वेळी शाखेत पाय ठेवायला जागा नसे. रडणारे होते, भांडणारे होते, पुढारी होते. आमचे स्नेही तीन दिवस रोज दुपारी येत आणि फलकासमोर उभे राहून वहीत नोंदी करीत. मी त्यांना आत येऊन बसायला सांगितले. ते म्हणाले, "आत बसलो तर लोकांना वाटेल, आत काहीतरी ठरतंय." फलकावर जे सर्वांसाठी लावलेले होते त्याखेरीज एकाही खात्याची माहिती त्यांनी माझ्याकडे मागितली नाही. मागितली असती तरी मला देता आली नसती आणि हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी गावनिहाय तक्ते केले. पूर्ण माफीत किती बसले, सवलतीच्या गटात किती राहिले, त्यांपैकी ओलिताची जमीन किती जणांची. शेवटचा रकाना भरण्यासाठी ते गावोगाव सातबारा पाहत फिरले. तो तक्ता आमदारांच्या भाषणात आला आणि निवेदनांबरोबर वर गेला. विदर्भातून त्या वर्षी अशी अनेक निवेदने गेली, त्यांतले हे एक. केंद्राची मर्यादा त्यामुळे बदलली असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या भागाचे दुःख केवळ आरडाओरडा म्हणून नव्हे, तर हिशेब म्हणून मांडले गेले. व्यापाऱ्याच्या मुलाला हिशेबाची किंमत अधिक कळते.

आता आपल्याच लोकांशी त्यांचा जो संबंध आला त्याविषयी. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला तेव्हा राज्यभरातल्या व्यापाऱ्यांप्रमाणे आपल्याकडचे व्यापारीही अस्वस्थ झाले होते. काही मंडळींनी अकरा पानांचे निवेदन तयार केले आणि मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर म्हणून मसुदा तपासायला माझ्याकडे आणले. आम्ही ते घेऊन या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी अकराही पाने शांतपणे वाचली आणि विचारले, "यात मागणी कोणत्या पानावर आहे?" मागणी सात वेगवेगळ्या पानांवर विखुरली होती. त्यांनी आमच्यासमोर बसून एक पानाचे निवेदन लिहिले. तीन मागण्या, प्रत्येकीखाली संबंधित तरतूद आणि एका छोट्या दुकानदाराचे महिन्याचे उदाहरण. ते म्हणाले, "मंत्री गाडीत बसल्या बसल्या वाचतात. अकरा पानांसाठी तेवढा लांब रस्ता आपल्याकडं नाही." पुढे १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा हा कर रद्द झाला. श्रेय राज्यभरच्या चळवळीचे. आमच्या गावातला आवाज त्या चळवळीत स्पष्ट उमटला, एवढे मात्र या गृहस्थांचे.

त्याच काळातला दुसरा प्रसंग. एका परिचित व्यावसायिकाचा कर्जाचा प्रस्ताव माझ्या शाखेत होता आणि तारण अपुरे असल्यामुळे तो अडला होता. हे सद्गृहस्थ आमच्या स्नेह्यांकडे गेले आणि आमदारांच्या नावाने मला एक फोन करावा, असा आग्रह धरला. बदल्यात काय देऊ केले होते ते मला पुष्कळ वर्षांनी, तेही तिसऱ्याच माणसाकडून कळले. त्यांच्या मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणाचा संपूर्ण खर्च. त्यांनी फोन केला नाही. एवढेच नव्हे, तर त्या व्यावसायिकाला तारण कसे वाढवता येईल हे समजावून सांगून पुन्हा माझ्याकडेच पाठवले. मुलगी शिकली ती शैक्षणिक कर्ज काढून, आणि ते कर्जही त्यांनी माझी शाखा टाळून दुसऱ्या बँकेतून घेतले.

बँक व्यवस्थापकाच्या टेबलावरच्या दूरध्वनीला किती वजन असते, हे ज्याने ती खुर्ची सांभाळली त्यालाच ठाऊक. 'साहेबांकडून बोलतोय' एवढे दोन शब्द पुरे होतात. साहेबांना त्याचा पत्ताही नसतो. इतक्या वर्षांत या गृहस्थांचा मला कर्जासाठी एकही फोन आला नाही. लोक वर्षे मोजतात, केलेली कामे मोजतात. मला वाटते, सार्वजनिक सेवेचा खरा हिशेब माणसाने वापरलेल्या अधिकाराइतकाच न वापरलेल्या अधिकारानेही मांडला पाहिजे. अडचण एवढीच, की न केलेल्या फोनची पावती फाटत नाही. म्हणून ती येथे लिहून ठेवतो.

अशा माणसांची आठवण समाज फार कमी ठेवतो. आपल्या जिल्ह्यातील दारापूरचे रा. सू. गवई विधान परिषदेचे सभापती झाले, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी 'विदर्भ केसरी' म्हणून ओळखले गेले, दादासाहेब खापर्डे यांनी अमरावतीचे नाव दिल्लीच्या विधिमंडळापर्यंत नेले. ही नावे आपल्याला पाठ आहेत आणि असावीत. त्यांचे कागद कोणी सांभाळले, त्यांची पत्रे कोणी लिहून काढली, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

काही अपवाद आहेत. महात्मा गांधींचे सचिव महादेवभाई देसाई हे त्यांतले सर्वांत तेजस्वी. वकिलीची पदवी घेतल्यानंतर ते मुंबईच्या मध्यवर्ती सहकारी बँकेत निरीक्षक होते, हे आम्हा बँकवाल्यांना विशेष अभिमानाचे. १९१७ मध्ये ते गांधीजींकडे गेले आणि १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेतच, त्यांचे निधन झाले. पंचवीस वर्षे. आपल्या विदर्भातले उदाहरण नागपूरच्या राम खांडेकर यांचे. यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आणि पुढे रामटेकमधून लोकसभेवर गेलेल्या पी. व्ही. नरसिंह राव यांच्याकडे त्यांनी काम केले. राव पंतप्रधान असताना ते त्यांचे विशेष कार्य अधिकारी होते. त्यांनी आपल्या आठवणी 'सत्तेच्या पडछायेत' या नावाने लिहिल्या त्या आयुष्याच्या उत्तरार्धात, ज्यांच्याकडे काम केले ते दोघेही निवर्तल्यावर. २०२१ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. देशाच्या सर्वोच्च कार्यालयात बसलेल्या या माणसाने आपल्या पुस्तकाच्या नावात स्वतःची जागा सावलीत ठेवली, यातच त्या पेशाची रीत दिसते.

आमच्या स्नेह्यांचे क्षेत्र अर्थातच लहान होते. परंतु त्यांनी दिलेली किंमत लहान नव्हती. मधल्या एका निवडणुकीत त्यांचे आमदार पराभूत झाले आणि पाच वर्षे त्यांना कोठेच काम नव्हते. तीस वर्षांतली ही पाच वर्षे त्यांनी एका धान्य व्यापाऱ्याकडे हिशेब लिहून काढली. आश्चर्य असे, की त्या काळातही लोक त्यांच्याकडे येत राहिले. दुकानाच्या पायरीवर बसून ते जेवणाच्या सुट्टीत अर्ज लिहून देत. त्या दुकानदारांनी याला कधी हरकत घेतली नाही. उलट एक जादा खुर्ची आणून ठेवली. त्यांचेही नाव मला येथे देता येत नाही, परंतु ती खुर्चीसुद्धा समाजसेवाच होती.

आज निवृत्त होताना आमच्या स्नेह्यांना निवृत्तिवेतन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. मला दर महिन्याच्या अखेरीस पेन्शन जमा झाल्याचा संदेश येतो तेव्हा ही तफावत टोचते. हा प्रश्न एका माणसाचा नाही. आपल्या दुकानांत, गिरण्यांत, संस्थांत तीस-तीस वर्षे काम करणारी माणसे आहेत. त्यांच्या नावावर आपण काय लिहिले आहे, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा आपल्या खतावणीत पाहावे. सत्काराची शाल वर्षभरात कपाटाच्या तळाशी जाते. भविष्य निर्वाह निधीत वेळेवर भरलेली रक्कम म्हातारपणी हातात येते. माझ्या मते यांपैकी दुसरा सत्कार आधी झाला पाहिजे.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर त्यांनी नव्या सहायकाला हाताशी धरून काम शिकवले. ते पुरे झाल्यावर त्यांनी काम सोडले. निघताना त्यांनी एक वही तयार केली. केलेल्या कामांची नव्हे, राहिलेल्या कामांची. गाव, अर्जाची तारीख, शेवटचे उत्तर कोणाचे, पुढचे पाऊल कोणते. ती वही त्यांनी नव्या मुलाच्या स्वाधीन केली. त्यातली काही प्रकरणे अशी होती, की त्यांना आता कार्यालयापेक्षा जाणत्या माणसाचा वेळ हवा होता. आम्ही सत्काराचा विषय पुन्हा काढला तेव्हा त्यांनी त्या प्रकरणांची एक यादी आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "शालीचा खर्च नको. यातलं एकेक घ्या."

आमच्यात दोन वकील आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक सनदी लेखापाल आणि मी. जमिनीच्या फेरफाराची दोन प्रकरणे वकिलांनी घेतली. शिष्यवृत्तीचे एक मुख्याध्यापकांकडे गेले. लेखापाल मित्राने एका बचत गटाचे जुने हिशेब लावून देण्याचे कबूल केले. माझ्या वाट्याला बँकेशी संबंधित तीन आली. त्यांतले पहिले एका मयत शेतकऱ्याच्या ठेवीचे आहे. नामनिर्देशन नसल्यामुळे त्याच्या पत्नीला ती मिळालेली नाही आणि आजवर तिला जी उत्तरे मिळाली ती सर्व तोंडी आहेत. येत्या सोमवारी मी तिला घेऊन त्या शाखेत जाणार आहे. काम झाले तर उत्तमच. नाही झाले, तर नकार लेखी मागायचा आहे.